दुसऱ्या घरातला साधा दिवस : वेगवेगळ्या वयांच्या मुलांसाठी वेगवेगळ्या संस्कृतींची पुस्तकं

खोक्यातली पुस्तकं आधी मुलांच्या हातात द्या. हा कागद रात्री सगळी निजानीज झाल्यावर वाचलात तरी चालेल.

आम्ही मुलांच्या वयानुसार पुस्तकांचे संच तयार करतो. ग्राहकांकडून सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न असा, की वेगवेगळ्या संस्कृतींची पुस्तकं म्हणजे नेमकी कोणती, आणि आमच्या मुलाच्या वयाला त्यातलं काय झेपेल? त्याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

सुरुवातीलाच आमची एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेने जगभरच्या सणांचा एक संच काढला होता. चित्रं देखणी, छपाई उत्तम. पालकांकडून मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली: मुलांनी पुस्तकं एकदा चाळली आणि ठेवून दिली. आम्ही पुन्हा त्या पुस्तकांसमोर बसलो तेव्हा कारण लक्षात आलं. त्यातली मुलं नटूनथटून नुसती उभी होती. त्यांचं काही हरवत नव्हतं, कुणाशी भांडण होत नव्हतं, कुणाला अंधाराची भीती वाटत नव्हती. वाचणाऱ्या मुलाने त्यांच्याशी दोस्ती करायची तरी कशावरून?

तेव्हापासून आम्ही एकच कसोटी धरून चाललो आहोत. वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या देशातल्या मुलाचा साधा दिवस ज्या पुस्तकात दिसतो, ते पुस्तक आधी. दात पडतो, धाकट्या भावंडाचा राग येतो, शाळेत पहिल्या दिवशी कुणी बोलत नाही. सणाचं पुस्तक त्यानंतर यावं. तोवर त्या घरातलं कुणीतरी मुलाच्या ओळखीचं झालेलं असतं.

आरसा आणि खिडकी

अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली एका छोट्या लेखात मांडलेली कल्पना आम्हाला रोजच्या कामात उपयोगी पडते. पुस्तक कधी खिडकी असतं, त्यातून दुसऱ्याचं जग दिसतं. कधी ते सरकतं काचेचं दार होतं आणि वाचक कल्पनेने त्या जगात जाऊन येतो. आणि उजेड नेमका पडला, की तीच काच आरसा होते आणि वाचकाला स्वतःचा चेहरा दिसतो. प्रत्येक मुलाला हे सगळं मिळायला हवं. काही मुलांच्या वाट्याला मात्र नुसते आरसे येतात आणि काहींच्या वाट्याला नुसत्या खिडक्या.

हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली अमेरिकेतल्या प्रकाशकांची तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तकं तपासली. त्यातल्या फक्त ६.७ टक्के पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती, मग ती मागच्या गर्दीत का असेना. वीस वर्षांनी, १९८५ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने पुस्तक कोणी केलं याची मोजणी केली. त्या वर्षीच्या सुमारे २,५०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तकं होती अठरा. हे आकडे एका देशातले आहेत, पण मोजायची रीत कुणालाही वापरता येते. घरातलं पुस्तकांचं कपाट उघडा आणि प्रत्येक पुस्तकाचा नायक कोण, तो कोणती भाषा बोलतो, कसल्या घरात राहतो, एवढंच बघत जा. दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली दोन वर्षं

एवढ्या लहान बाळाला संस्कृती काय कळणार, असं बरेच जण विचारतात. शब्दांत कळत नाही, पण डोळे आणि कान भराभर शिकत असतात. तीन महिन्यांचं बाळ सवयीच्या ठेवणीच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ पाहतं. नऊ महिन्यांच्या आसपास वेगळ्या वंशाच्या चेहऱ्यांमधला फरक ओळखणं त्याला जड जाऊ लागतं, कारण ते चेहरे त्याच्या पाहण्यात नसतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोऱ्या कुटुंबांतल्या बाळांना सहाव्या ते नवव्या महिन्यात चिनी चेहऱ्यांचं साधं चित्रपुस्तक घरी दाखवलं गेलं. त्या बाळांची ओळखण्याची क्षमता टिकली.

म्हणून या वयाच्या संचात आम्ही जाड पुठ्ठ्याचं, खऱ्या छायाचित्रांचं, निरनिराळ्या चेहऱ्यांचं एक पुस्तक हटकून घालतो. हसणारी, रडणारी, जांभई देणारी बाळं, पानावर एकच चेहरा, मागे पसारा नाही.

कानांचंही असंच आहे. पहिल्या काही महिन्यांत बाळाला जगातल्या कुठल्याही भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येतात. वर्षाचं होईतो ते आपल्या भोवतालच्या भाषेपुरतं उरतं. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपुढे चिनी भाषिक माणसं बसली, पुस्तकं वाचत आणि खेळत. बारा बैठकींनंतर बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. हेच पडद्यावरून दाखवलेल्या किंवा ध्वनिमुद्रणातून ऐकवलेल्या बाळांना काहीच साधलं नाही. घरात आजीची भाषा वेगळी असेल तर तिला तिच्या भाषेतलं पुस्तक द्या आणि बाळ तिच्या मांडीवर द्या. संचात ध्वनिफीत का नाही, असं विचारणाऱ्यांना आमचं हेच उत्तर असतं.

तीन ते सहा

आमचा सगळ्यात जास्त वेळ या वयात जातो, आणि हे वय आमचं लाडकं आहे. चित्रपुस्तक बहुतेक वेळा बत्तीस पानांचं असतं, कारण छापखान्यातला मोठा कागद घड्या घालून आठाच्या किंवा सोळाच्या पटीत पानं देतो. तेवढ्या पानांत वेगळं घर, वेगळी माणसं आणि एक पुरी गोष्ट बसवायची, म्हणजे प्रत्येक चित्राला काम करावं लागतं. मुलं ते काम आपल्यापेक्षा बारकाईने बघतात. आपण ओळी वाचत असतो, तेव्हा ती कोपऱ्यातल्या खुर्चीखाली पडलेला चेंडू बघत असतात.

एका वाचनाच्या बैठकीतला प्रसंग सांगतो. उर्दू आणि मराठी असं द्विभाषिक पुस्तक होतं. आमच्यातल्या एकाने ते नेहमीसारखं उघडलं. घरी उर्दू बोलणारा पाच वर्षांचा मुलगा पुढे आला आणि हळूच म्हणाला, "उलटं धरलंय." त्याने पुस्तक फिरवलं, पान दुसऱ्या बाजूने उघडलं आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवून दाखवलं. त्याला अजून अक्षरं येत नव्हती. नानीचं बोट तसं फिरताना त्याने पाहिलं होतं, तेवढंच. त्याआधीच्या चार बैठकींत तो एक शब्द बोलला नव्हता. त्या दिवशी पुढचा अर्धा तास बाकीची मुलं "आता कुठून?" असं त्यालाच विचारत होती.

द्विभाषिक पुस्तक घेताना दोन्ही भाषा सारख्याच आकारात छापल्या आहेत ना, हे बघा. एक भाषा ठळक आणि दुसरी तळाशी बारीक टाईपात असेल, तर थोरली भाषा कोणती हे मुलाला न सांगताच कळतं. घरात दुसरी भाषा कुणालाच येत नसली तरी असं पुस्तक वाया जात नाही. नुसती लिपी बघणं, तिचे गोल आणि काने-मात्रा न्याहाळणं या वयाला आवडतं.

नुसत्या चित्रांची, एकही शब्द नसलेली पुस्तकंही जरूर घ्या. ती कुठल्याही भाषेत सांगता येतात. ज्या आजोबांना वाचता येत नाही, त्यांनाही ती नातवंडांना "वाचून" दाखवता येतात.

एक कळकळीची विनंती. वाचून दाखवताना पात्रांची नावं बदलू नका. नाव अवघड वाटतं म्हणून कितीतरी जण ओळखीचं सोपं नाव घालतात. हेतू चांगला असतो, पण पुस्तकातला तो मुलगा तिथेच पुसला जातो. आधी एकट्याने दोन-तीनदा म्हणून बघा. तरी जमलं नाही तर मुलांसमोर अडखळा आणि पुन्हा म्हणा. उद्या वर्गात तसंच नाव असलेलं कुणी आलं, तर तुमचं मूल न लाजता विचारेल, "तुझं नाव कसं म्हणायचं?"

सात-आठ वर्षं

या वयात मुलं स्वतः वाचू लागतात आणि त्यांना मालिका हव्या असतात. चांगली गोष्ट आहे. एकाच कुटुंबाची चार-पाच छोटी पुस्तकं असतील तर परकेपणा आपोआप गळून पडतो. लोककथाही इथे रमतात. लोककथेच्या पुस्तकात ती कुठल्या लोकांची, कोणी सांगितलेली, हे कुठेतरी लिहिलेलं असावं. "एका दूरच्या देशातली कथा" एवढंच लिहिलेलं असेल तर आम्ही ते पुस्तक घेत नाही.

नऊ ते बारा

आता अनुवाद हाताशी येतो, आणि त्याच्याबद्दल आम्हाला विशेष आस्था आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर येल्ला लेपमन या जर्मन-ज्यू बाई इंग्लंडमधल्या आश्रयातून उद्ध्वस्त जर्मनीत परतल्या. तिथल्या मुलांना जगाशी जोडायचं तर पुस्तकांतून, असं त्यांनी ठरवलं आणि देशोदेशी पत्रं लिहून पुस्तकं मागितली. बेल्जियमने आधी नकार दिला. जर्मनीने त्यांच्यावर दोनदा आक्रमण केलं होतं. लेपमन यांनी पुन्हा पत्र लिहिलं आणि पुस्तकं आली. १९४६ साली म्युनिकमध्ये चौदा देशांच्या बालपुस्तकांचं प्रदर्शन भरलं, त्यातून १९४९ साली आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभं राहिलं, आणि १९५३ साली बालपुस्तकांसाठी काम करणारं आंतरराष्ट्रीय मंडळ. २ एप्रिलला जगभर साजरा होणारा बालपुस्तक दिन याच मंडळाने १९६७ साली सुरू केला.

अनुवादित पुस्तक हातात घेतलं की आम्ही आधी अनुवादकाचं नाव शोधतो. मग दोन पानं मोठ्याने वाचतो. मूळ भाषेतले काही शब्द तसेच ठेवलेले असतील आणि त्यांचा अर्थ वाक्याच्या ओघात कळत असेल, तर अनुवाद मनापासून केलेला असतो. दर ओळीला शेवटची शब्दसूची उघडावी लागत असेल तर मूल तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतं. जपानी चित्रकथा मूळ क्रमाने, उजवीकडून डावीकडे छापलेल्याच घ्या. पूर्वी भाषांतरात चित्रं आरशासारखी उलटी करत. मग पात्रं डावखुरी व्हायची आणि घड्याळं उलटी फिरायची. मुलांना नवा क्रम अंगवळणी पडायला एक प्रकरण पुरतं.

जुन्या, नावाजलेल्या पुस्तकांत कधी कधी एखाद्या समाजाबद्दल हिणकस शब्द येतात. तुम्ही लहानपणी ज्यावर जीव लावलात त्या पुस्तकातही ते सापडू शकतात, आणि ते बघून वाईट वाटतं. या वयाच्या मुलापासून ते पुस्तक लपवू नका, पण एकट्यालाही वाचायला देऊ नका. त्या ओळीपाशी थांबा. हे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे, त्यांच्या घरातलं मूल हे वाचत असेल तर त्याला कसं वाटेल, एवढं विचारा. आणि त्याच समाजातल्या लेखकाचं आजचं एखादं पुस्तक शेजारी ठेवा.

तेरानंतर

या मुलांसाठी पुस्तकं आपण निवडू नयेत, समोर मांडून ठेवावीत. स्थलांतर, जात, वंश, युद्ध, धर्मातली घुसमट, सगळं त्यांना पेलतं. नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांचं २००९ सालचं एका लोकांबद्दल एकच गोष्ट ऐकत राहण्याच्या धोक्याबद्दलचं भाषण त्यांना जरूर ऐकवा. लहानपणी वाचलेल्या इंग्रजी पुस्तकांमुळे आपण स्वतःच्या पहिल्या गोष्टींतही गोरी, निळ्या डोळ्यांची मुलं रंगवत होतो, असं त्या त्यात सांगतात. आम्ही म्हणूनच या वयाच्या संचात एका प्रदेशाची निदान दोन पुस्तकं देतो, एकमेकांशी न पटणारी असली तर फारच छान.

पुस्तक पारखताना

दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्याउभ्या बघता येतील अशा काही गोष्टी. गर्दीच्या चित्रावर बोट ठेवा आणि एकेक चेहरा बघा. एका समाजाची सगळी माणसं एकाच साच्यातली दिसत असतील, तर चित्रकाराने त्यांना जवळून पाहिलेलं नाही. गोष्टीतली अडचण शेवटी कोण सोडवतं? वेगळ्या समाजातलं मूल नुसतं मदत घ्यायला किंवा शहाणपण सांगायला येत असेल, तर ती गोष्ट त्याची नव्हे. आदिवासी समाज फक्त भूतकाळात, जंगलात आणि कथेतच दिसत असेल, तर शंका घ्या. आज त्यांच्यातली मुलं शाळेत जातात, मोबाईलवर बोलतात, क्रिकेट खेळतात. लेखक त्या समाजातला असेल तर उत्तमच. नसेल तर मलपृष्ठावर किंवा शेवटी त्याने कुणाबरोबर राहून, कुणाला विचारून लिहिलं हे सांगितलेलं असावं.

संच मागवताना

मुलाचं वय, घरात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या भाषा आणि मुलाने पुन्हा पुन्हा वाचायला लावलेल्या दोन पुस्तकांची नावं कळवा. तिसरी माहिती सगळ्यात कामाची, कारण विनोद आवडणाऱ्या मुलाला आम्ही दुसऱ्या संस्कृतीतलंही विनोदी पुस्तकच शोधून देतो. वयाचे गट ही नुसती खूण आहे. दोन वेगळ्या वयांची भावंडं असतील तर वरच्या वयाचा संच मागवा आणि एकत्र वाचून दाखवा. एखादं पुस्तक मुलाने बाजूला सारलं तर महिनाभर तसंच दिसेल असं ठेवा. तरी हात लागला नाही, तर परत पाठवा. सोबतच्या चिठ्ठीत कुठल्या पानावर कंटाळा आला तेवढं मुलाच्याच शब्दांत लिहा. पुढचा संच आम्ही ती चिठ्ठी समोर ठेवून भरतो.