खोगीर वेगळं, हार्नेस वेगळा

टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर नवख्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. नायलॉनचे पट्टे, बकलं, मांड्यांत अडकवायचे फास, झाडाला बांधायचा दोर आणि एक कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची उघडझाप होणारी धातूची कडी. अमेरिकेत धनुष्यबाण घेऊन व्हाइटटेल हरणाची वाट बघत झाडावर बसणाऱ्यांकडे सहसा यातलं एक तरी असतं. एकाचं नाव फुल-बॉडी हार्नेस, दुसऱ्याचं ट्री सॅडल. सॅडल म्हणजे खोगीर, फक्त इथं ते घोड्याऐवजी स्वारालाच घातलेलं. ‘हार्नेस आहे ना, मग सॅडल कशाला?’ हा प्रश्न मला कितीदा तरी ऐकायला मिळालाय. ‘सॅडल आहे, मग मचाणावर वेगळा हार्नेस कशाला?’ हा त्याचाच उलटा प्रश्न, आणि तो जास्त धोक्याचा.

हार्नेस असतो मचाणावर बसणाऱ्यासाठी. त्याचं वजन मचाण पेलतं. दोर पाठीमागे, खांद्याच्या दोन पात्यांच्या मधोमध जोडलेला असतो आणि दिवसभर त्याला काही काम नसतं. पाय घसरला, डुलकी लागली, मचाणाचा पट्टा तुटला, तर त्या एका क्षणी तो कामाला येतो. सॅडलवाल्याकडे मचाणच नसतं. पायाखाली जेमतेम दोन बूट मावतील एवढा प्लॅटफॉर्म, आणि वजनाचा मोठा वाटा कमरेपासून मांड्यांपर्यंतच्या रुंद कापडी झोळीवर. त्याचा दोर बसल्यापासून उठेपर्यंत ताणलेला.

म्हणजे हार्नेस पडलेल्याला झेलतो, आणि सॅडल पडूच देत नाही. हा काही शब्दांचा खेळ नाही. अमेरिकेत बांधकामावरच्या कामगारांसाठी ओशाचे (कामाच्या जागेची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी यंत्रणेचे) जे नियम आहेत, तेही नेमका हाच भेद करतात. १ जानेवारी १९९८ पासून पडणारा माणूस झेलायला नुसता कमरपट्टा तिथं चालत नाही. त्याच पट्ट्यावर रेलून दोन्ही हात मोकळे ठेवून काम करायला मात्र परवानगी आहे. अट अशी की २ फुटांपेक्षा जास्त पडायला वाव नको. पूर्ण अंगाच्या हार्नेसला ही मर्यादा ६ फूट. शिकाऱ्याला हे नियम बंधनकारक नाहीत, पण कंबर कामगाराची असो की शिकाऱ्याची, झटका सारखाच बसतो.

फिटिंगचं सगळं गणित इथूनच सुटतं. हार्नेस नीट बसलाय का, हे त्या एका क्षणासाठी तपासायचं. सॅडल नीट बसलंय का, हे चार तासांसाठी.

हार्नेसचं काम तसं लवकर उरकतं. मांडीच्या पट्ट्याखालून सपाट तळहात सरकला पाहिजे, मूठ मात्र जाता कामा नये. छातीचा पट्टा काखेच्या रेषेत, छातीच्या मध्यावर. फार खाली राहिला तर खांद्यांचे पट्टे फाकतात, फार वर गेला तर पडताना गळ्याशी येतो. झाडाला दोर इतका उंच बांधायचा की मचाणावर बसल्यावर त्यात ढील उरू नये. आणि लोंबकळायची वेळ आलीच, तर पाय रोवून उभं राहण्यासाठी एक फास खिशात हवा, कारण निश्चल टांगून राहिलं की रक्त पायांत साठत जातं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो.

सॅडलला मात्र वेळ द्यावा लागतो. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांच्या कडेवर बसला पाहिजे, पोटावर नाही. तो चांगला घट्ट हवा, जाड कपड्यांवरून बांधलेला. पँटचं माप सांगून सॅडल मागवणारे इथंच फसतात. माप घ्यायचं ते थंडीचे सगळे थर अंगावर असताना. मांडीचे पट्टे हार्नेसपेक्षा थोडे सैल चालतात, कारण भार त्यांच्यावर नसतो. झोळी वर सरकू नये आणि आपण तिच्यातून निसटू नये, एवढ्यासाठी ते असतात. पण सैल म्हणजे लोंबणारे नव्हेत. चढताना लोंबणारा फास पायरीत अडकतो.

नंतर येते ती सगळ्यांची तक्रार, कमरेला चिमटा बसल्याची. पहिली वीस मिनिटं झकास जातात. मग दोन्ही बाजूंनी कोणीतरी पकडीत धरून आवळतंय असं वाटायला लागतं. माणूस वैतागून सॅडललाच नावं ठेवतो आणि आणखी जाड पॅडिंगवालं शोधायला लागतो. मीही तेच केलं होतं. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा ब्रिज असतो. ब्रिज म्हणजे सॅडलच्या दोन बाजूंना पोटासमोरून जोडणारा दोर, ज्याच्या मधोमध कॅराबिनर येतो. तो आखूड असेल तर कॅराबिनरपाशी दोराच्या दोन भागांमधला कोन पसरट होतो, आणि ताणाचा बराच हिस्सा कंबर आत दाबण्यात जातो. ब्रिज वीतभर लांब केला की कोन अरुंद होतो आणि ताण सरळ पुढे जातो. चिमटा तिथंच सुटतो, एक पैसा न खर्चता. फार लांब केला तर कॅराबिनर आणि झाडाच्या दोरावरची गाठ हाताबाहेर जातात, म्हणून कोपर किंचित वाकवून पोचेल तिथवरच.

चिमटा तरीही राहिला तर झोळीकडे बघा. टांगलेल्या अवस्थेतच दोन्ही हातांनी तिची खालची कड धरून मांड्यांकडे ओढायची. दोन पट्ट्यांचं सॅडल असेल तर एक पट्टा कंबरेमागे आणि दुसरा मांड्यांखाली असा फाकवता येतो, भार वाटला जातो. बहुतेकांची झोळी चढताना गोळा होऊन वर गेलेली असते आणि ते तशीच घेऊन बसतात.

झाडाभोवतीचा दोर, म्हणजे टेदर, साधारण कपाळाच्या उंचीला बांधून सुरुवात करावी. वर सरकवला की दोर जास्त उभा होतो, अंग खोडाजवळ येतं, बसल्यासारखं वाटतं. खाली आणला की मागे रेलणं वाढतं आणि तळपायांवर भार येतो. कोणाला काय मानवेल ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी अर्धा वेळ गुडघे खोडाला टेकवून बसतो आणि अर्धा वेळ रेलतो, त्यामुळे मधे एकदोनदा गाठ सरकवतो. ही गाठ प्रुसिकची. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाच्या नावाची. ताण नसताना हातानं सरकते आणि ताण आला की आवळून बसते.

आता त्या उलट्या प्रश्नाकडे. सॅडलचा दोर मुद्दाम कमी ताणणारा असतो, नाहीतर माणूस झोके खात बसेल. पण म्हणूनच पडण्याचा झटका तो शोषत नाही. ढील ठेवून, मचाणावर ऐसपैस बसून, सॅडलला हार्नेस समजलात तर घसरल्यावर तो सगळा झटका कंबरेला बसतो. आणि ढील आपोआप कशी येते? बहुतेकदा अवघडल्यामुळे. चिमटा बसला की माणूस टाचा उचलून उभा राहतो, दोर सैल पडतो, आणि तसाच अर्धा तास निघून जातो. म्हणून सॅडल आरामदायक असणं हा चैनीचा भाग नाही, दोर ताणलेला ठेवण्याचा तोच उपाय आहे. हार्नेसचं तसं नाही. जरा टोचणारा हार्नेसही नीट बांधला असेल तर त्याचं काम करतो.

हार्नेसलाच सॅडल करून टांगून बसण्याचा प्रयोगही लोक करतात. दोर पाठीला, तोंड झाडाकडे न राहता बाहेर, पट्टे जांघेत रुतलेले. दहा मिनिटांत उतरतात.

एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. मागच्या खिशातलं पाकीट, किल्ल्या, फोन काढून ठेवा. हार्नेसवाल्याला त्यांचा त्रास होत नाही असं वाटतं, पडल्यावर कळतं. सॅडलवाल्याला पंधराव्या मिनिटालाच कळतं. तरी सॅडलच्या दोन्ही बाजूंना पाऊच, हुक, बाटली लटकवून अक्षरशः खोगीरभरती करणारे आहेतच. त्यातलं निम्मं सामान कमरेच्या हाडावरच येतं.

पहिली चाचणी जमिनीपासून हातभर उंचीवर. पूर्ण कपडे, बूट, धनुष्य, सगळं घेऊन एक तास टांगून बसा. मग डावीकडे वळा, उजवीकडे वळा, खोडाला पूर्ण वळसा घालून मागच्या बाजूला निशाणा धरून बघा. ब्रिजवरचा कॅराबिनर अडखळला, बक्कल बरगडीत घुसलं, मांडीचा पट्टा वळला, तर ते इथंच दिसतं. जिथं ब्रिजची लांबी बरोबर जमली, तिथं दोरावर मार्करनं खूण करून ठेवा. पहाटेच्या अंधारात २० फुटांवर पुन्हा अंदाज बांधत बसावा लागत नाही.