कासवमित्र

समुद्री कासवांनी कोकणच्या पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, घातलेली अंडी शोधून काढणारा, ती सुरक्षित जागी हलवणारा आणि पिल्ले समुद्रात जाईपर्यंत त्यांची राखण करणारा गावकरी म्हणजे कासवमित्र. रायगड जिल्ह्यात दिवेआगर, हरिहरेश्वर, रत्नागिरीत वेळास, केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर, तवसाळ, गावखडी, सिंधुदुर्गात तांबळडेग, वायंगणी अशा अनेक गावांत हंगामात असे एक-दोन जण असतात. कागदावर हे काम वनखात्याचे, त्यातल्या कांदळवन कक्षाचे किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेचे असते. पहाटे बॅटरी घेऊन पुळणीवर चालणारा माणूस मात्र त्याच गावचा, बहुधा मासेमारी, शेती किंवा बागायत सांभाळून हे काम करणारा असतो. कोकणातले कासव संवर्धन त्याच्या पायांवर उभे आहे, म्हणून या नोंदीत संस्थांइतकीच जागा त्याला दिली आहे.

या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारे कासव मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचे. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ दोन फुटांहून थोडी जास्त लांब असते आणि वजन साधारण ३५ ते ४५ किलो. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे अशा माद्या काही दिवसांत लाखांच्या संख्येने किनाऱ्यावर येतात. कोकणात तसे होत नाही. इथे एखाद्या रात्री एक मादी येते, मग कदाचित आठवडाभर कुणीच येत नाही. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा विणीचा काळ. ओडिशात घरटी लाखांनी असल्याने काही नष्ट झाली तरी बाकीची उरतात. कोकणात मात्र एकेक घरटे मोजून जपावे लागते. गावोगावी कासवमित्र लागतो तो यासाठीच.

सुरुवात

कासव हा विष्णूचा अवतार. कोकणातल्या देवळात गाभाऱ्यासमोरच्या फरशीत दगडी कासव असते आणि त्याला हात लावल्याशिवाय माणूस पुढे जात नाही. त्याच कोकणात पुळणीतली अंडी काढून खाण्याची आणि विकण्याची पद्धतही होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ऑलिव्ह रिडलेचा समावेश आहे. अंडी काढणे हा गुन्हा आहे, पण पुळणीवर रात्री कायदा बघायला कोण असणार?

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडाची घरटी मोजत किनारा पालथा घालत होते. २००२ मध्ये याच कामात ते मंडणगड तालुक्यातील वेळासला पोहोचले. बाणकोटच्या खाडीजवळचे हे गाव तोवर नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ओळखले जाई. तिथे कासवे अंडी घालतात आणि ती अंडी चोरीला जातात हे त्यांना कळले आणि त्याच हंगामात संरक्षणाचे काम सुरू झाले. याच संस्थेने वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटावरील पाकोळ्यांची घरटी चोरांपासून वाचवण्याचेही काम केले.

वेळासमध्ये संस्थेने घेतलेला एक निर्णय फार शहाणपणाचा होता. बाहेरून पहारेकरी न आणता तिने गावातल्याच माणसांना कामाला लावले आणि त्यांत पूर्वी अंडी काढणारेही होते. घरटे शोधण्याची नजर त्यांच्याकडे आधीपासून होती. मादी कुठल्या बाजूने चढते, वाळू कुठे भुसभुशीत लागते, कोणत्या रात्री जायचे हे कुठल्याही प्रशिक्षणात इतके नेमके शिकवता आले नसते. ज्या ज्ञानावर चोरी होत होती त्याच ज्ञानावर राखण सुरू झाली. पुढच्या वर्षांत हे काम तिन्ही जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले.

महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये वनखात्यात कांदळवन कक्ष स्थापन केला. राज्याच्या सागरी जैवविविधतेची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि त्याला जोड म्हणून कांदळवन प्रतिष्ठान ही नोंदणीकृत संस्था पुढे उभी राहिली. कासवमित्रांना हंगामापुरते मानधन मिळते आणि त्यांच्या नोंदी एकत्र केल्या जातात. मानधन हंगामाचेच असल्याने उरलेल्या महिन्यांत पोट भरण्यासाठी दुसरे काम लागतेच.

घरटे शोधणे आणि हलवणे

मादी बहुधा रात्रीच, भरतीच्या पाण्याबरोबर वर येते. सकाळी माणसांची वर्दळ सुरू झाली की तिच्या चालीच्या खुणा पुसल्या जातात, आणि त्याआधी कुत्र्या-कोल्ह्यांना वास लागलेला असतो. म्हणून कासवमित्राला त्यांच्या आधी पोहोचावे लागते. तो भरतीच्या रेषेच्या थोडे वरून, किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो. वाळूत समुद्राकडून वर गेलेला आणि पुन्हा समुद्राकडे वळलेला, ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला की तो थांबतो.

माग सापडला म्हणजे घरटे सापडले असे होत नाही. मादी अंडी घालून झाल्यावर खड्डा बुजवते आणि अंगाने वाळू थोपटते, त्यामुळे विस्कटलेली जागा चांगली मोठी असते. कधी ती अंडी न घालताच परत फिरते. जाणता कासवमित्र बारीक काठीने हलक्या हाताने चाचपत जातो. घट्ट वाळूत काठी अडते आणि घरट्याच्या तोंडाशी सहज खाली जाते. तिथून पुढे काठी बाजूला ठेवून हातानेच उकरायचे.

घरटे मडक्याच्या आकाराचे, वर अरुंद, खाली फुगलेले आणि साधारण दीड फूट खोल असते. मादी ते मागच्या दोन परांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांनी, न बघता खोदते. त्यात शंभर ते दीडशे अंडी असतात, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पांढरी आणि मऊ कवचाची. अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहते. ती वेदनेने रडते असे म्हणतात. खरे तर शरीरातले जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर पडत असते, पण ते पाहिलेला माणूस पुन्हा अंडी काढायला जाण्यापूर्वी विचार करतो, हेही खरे.

अंडी हलवायची तर काही तासांच्या आत. नंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अंडे फिरवले तर तो मरतो. म्हणून वरचे अंडे ज्या बाजूने वर होते त्याच बाजूने उचलून बादलीत ठेवतात, खाली घरट्यातलीच ओली वाळू असते, आणि धक्का न लावता बादली हॅचरीपर्यंत नेतात. हॅचरी म्हणजे उधाणाचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर, बहुधा सुरूच्या बनाजवळ, जाळीने बंदिस्त केलेला वाळूचा तुकडा. तिथे मूळ घरट्याइतकाच खोल आणि त्याच आकाराचा खड्डा करून अंडी ठेवतात, वर जुन्या घरट्यातली वाळू घालतात आणि पाटीवर घरट्याचा क्रमांक, अंड्यांची संख्या व तारीख लिहितात. जाळी जमिनीखालीही पुरावी लागते, नाहीतर कोल्हा उकरून आत येतो. घोरपड, रानडुक्कर, खेकडे आणि मुंग्या हे आणखी वैरी.

एक मादी त्याच हंगामात पुन्हा अंडी घालू शकते. त्यामुळे गावातली घरट्यांची संख्या म्हणजे कासवांची संख्या नव्हे. बातम्यांत हा फरक अनेकदा हरवतो, कासवमित्राच्या वहीत हरवत नाही.

अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या खाली नर जास्त, वर माद्या जास्त. फार तापलेल्या वाळूत अंडी खराब होतात, म्हणून हंगामाच्या शेवटी घातलेल्या, एप्रिल-मेच्या उन्हात उबणाऱ्या अंड्यांची काळजी अधिक वाटते आणि ठिकठिकाणी हॅचरीवर सावली धरतात.

टोपली उचलण्याची वेळ

दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. अंड्यातून निघालेली पिल्ले वाळूखाली एक-दोन दिवस थांबून सगळी मिळून वर सरकतात आणि टोपलीखाली गोळा होतात. वेळासला सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलायची. खाली काही असेल तर ती पिल्ले समुद्राजवळ नेऊन पाण्यापासून काही अंतरावर ओल्या वाळूत सोडतात. पाण्यात हाताने सोडत नाहीत. तेवढे अंतर त्यांनी स्वतः चालले पाहिजे, कारण मोठी झालेली मादी ज्या भागातल्या किनाऱ्याकडे परतते त्याची ओळख या सुरुवातीच्या वाटचालीत होते असे मानतात.

हा क्षण पाहायला लोक येऊ लागले आणि त्यातून वेळासचा कासव महोत्सव उभा राहिला. आता आंजर्ल्यासह इतर गावांतही तो होतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, पडवीत झोपतात, केळीच्या पानावर जेवतात. भात, सोलकढी आणि उकडीचे मोदक करणाऱ्या बायकांच्या हातात थेट पैसा येतो. अंडी विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा पिल्ले दाखवून मिळणारा पैसा जास्त आणि सन्मानाचा आहे हे गावाने अनुभवले, आणि संरक्षण टिकण्याचे तेच मोठे कारण ठरले. कधी टोपली रिकामी निघते. दूरवरून आलेली मुले हिरमुसतात, तेव्हा त्यांना उद्यापर्यंत थांबायला सांगणारा, मोबाईलचा फ्लॅश बंद करायला लावणारा आणि दोरीच्या आत पाय ठेवू न देणारा कासवमित्रच असतो. त्याचा हा कडकपणा पाहुण्यांनी मानावा. वाळूत पुरलेले पिल्लू पायाखाली दिसत नाही.

समुद्रातला भाग

किनाऱ्यावरची राखण जाळ्यात अडकलेल्या कासवाला वाचवत नाही. जाळे कापून कासव सोडले तर मच्छिमाराचे नुकसान होते. डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशा वेळी फाटलेल्या जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. सोडल्याचे छायाचित्र किंवा चित्रण पुरावा म्हणून धरतात. मच्छिमाराला दोषी ठरवण्याऐवजी सोबत घेणारी ही योजना कासवमित्राच्या कामाचीच समुद्रातली बाजू आहे. पावसाळ्यात टाकून दिलेल्या जाळ्यांत अडकून जखमी झालेली कासवे किनाऱ्याला लागतात. त्यांच्यावर उपचार करणारे जुने केंद्र पालघर जिल्ह्यात डहाणूला आहे. तेही वनखाते आणि स्थानिक स्वयंसेवक मिळून चालवतात.

कोकणातली कासवे जातात कुठे, याचे उत्तर २०२२ पासून मिळू लागले. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी त्या वर्षी जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहामार्फत तिचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र बसवले. पश्चिम किनाऱ्यावरची पहिली म्हणून तिचे नाव प्रथमा ठेवले. आंजर्ल्याची सावनी आणि गुहागरच्या वनश्री, रेवा, लक्ष्मी मागोमाग आल्या. प्रथमा उत्तरेला गुजरातच्या समुद्रात गेली. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली बागेश्री कन्याकुमारी आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. उलट दिशेचा पुरावा २०२५ मध्ये मिळाला. ओडिशात २०२१ साली परावर ०३२३३ क्रमांकाची धातूची खूण लावलेली मादी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. दोन्ही किनाऱ्यांवरची कासवे वेगळी असे मानण्याची सवय यामुळे मोडली. रात्री किनाऱ्यावर कुणी चालत नसते, तर तो क्रमांक कुणी वाचलाही नसता.

अडचणी

जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातली सुरूची बने झोपवली आणि पाहुणे उतरत त्या घरांचीही छपरे उडाली. लाटांनी पुळण खाल्ली की तिथे दगडी बंधारा बांधायची मागणी होते. बागा आणि घरे वाचवायची तर ती समजण्यासारखी आहे, पण दगडांवर मादी चढू शकत नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे दिवे पिल्लांना उलट्या दिशेला ओढतात, आणि पुळणीवर गाड्या फिरवण्याची हौस वाढत चालली आहे. गाडीचा चालक गावातल्या कुणाचा पाहुणा निघाला, तर त्याला अडवणे कासवमित्राला सर्वांत अवघड जाते.

मे महिना सरता सरता शेवटचे घरटे उकरून पाहतात, फुटलेली आणि न उबलेली अंडी वेगळी मोजून वहीत लिहितात. जाळी सोडून, गुंडाळून पडवीच्या माळ्यावर जाते. कासवमित्र भाजावळीच्या आणि पेरणीच्या कामाला लागतो, आणि पहिल्या मोठ्या उधाणात हॅचरीची जागा बाकीच्या पुळणीसारखी सपाट होते.