भुताला गोळी लागत का नाही?

भयपटातला नायक पाच पावलांवरच्या भुतावर धडाधड सहा गोळ्या झाडतो आणि एकही लागत नाही. अशा वेळी नाशिकच्या कुठल्याही थिएटरात मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, "अरे, डोक्यात घाल ना!" सगळे हसतात. पुढे एकदाची गोळी लागते, ते ध्यान हवेत उडून भिंतीवर आपटतं आणि त्यावर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. खरं तर हसायला हवं ते इथे. नेम हुकणं हा त्या सिनेमातला सगळ्यात खरा भाग असतो.

नेम धरण्यासाठी पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकावर एक छोटा उंचवटा, ज्याला माशी म्हणतात. या दोन्हींत साधारण १५ सेंटीमीटर अंतर असतं. माशी नेमाच्या रेषेतून २ मिलिमीटर ढळली, तर १० मीटरवर गोळी १३ सेंटीमीटर बाजूला जाते. १ सेंटीमीटर ढळली तर ६७ सेंटीमीटर, म्हणजे समोरचा माणूस सहीसलामत. चाप हिसका देऊन ओढला की नळी एवढी सहज हलते. म्हणून नेमबाजी शिकायला येणाऱ्या पोरांकडून आधी दोनच गोष्टी घोटवून घेतात: चाप सावकाश, सरळ मागे दाबत न्यायचा आणि नजर माशीवर ठेवायची. लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. १० मीटर एअर पिस्तूलमध्ये दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं असतं आणि अशा सरावाने ते सापडतं.

भीती या दोन्ही गोष्टींवर घाला घालते. ॲड्रेनालिन रक्तात उतरलं की डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, भिंगाला फुगवटा देणारा स्नायू सैल पडतो आणि डोळा दूरचं पाहायला सज्ज होतो. वाघ कुठून येतोय हे बघायला ते उत्तम, पण हातभर अंतरावरची माशी नेमकी त्याच वेळी अंधूक होते. शिवाय जे अंगावर येतंय त्यावरून नजर काढून लोखंडाच्या एवढ्याशा टोकावर लावायची, हे सांगायला सोपं.

हातांचं आणखी वेगळं. प्रत्येकाच्या बोटांना सेकंदाला ८ ते १२ वेळा असा बारीक कंप कायमच असतो. एरवी तो जाणवत नाही, ॲड्रेनालिनने वाढतो. हा परिणाम रोखणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या रक्तदाबाचे बरेच रुग्ण घेतात, पण नेमबाजीच्या स्पर्धेत त्यांना बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याची दोन्ही पदकं याच कारणाने गेली.

बरं, हे फक्त नवख्यांचंच होतं असंही नाही. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ मधल्या नोंदी रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेने तपासल्या. समोरूनही गोळीबार होत असताना पोलिसांच्या सरासरी १८ टक्केच गोळ्या लागल्या होत्या. ही प्रशिक्षित माणसं. मग अमावास्येच्या रात्री पडक्या वाड्यात शिरलेल्या कॉलेजकुमाराकडून काय अपेक्षा ठेवायची?

आता ते हवेत उडणं. ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. तिचा सगळा संवेग ७० किलोच्या माणसात उतरला, तरी त्याला वेग मिळतो तो सेकंदाला ४ सेंटीमीटर! धक्क्याने माणूस उडत असता, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने झाडणाराही मागे जाऊन पडला असता.

गोळी लागूनही भूत चालत येतं, यावरही लोक हसतात. पण मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली नसेल, तर माणूस जागच्या जागी कोसळेलच असं नाही. हृदय बंद पडलं तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर दहा-पंधरा सेकंद हालचाल होऊ शकते. नाशिककरांना तर बिबट्याच्या निमित्ताने याची थोडी कल्पना आहे. वस्तीत शिरलेल्या बिबट्याला वनखातं भुलीचं औषध भरलेला डार्ट मारतं. औषध स्नायूतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचायला काही मिनिटं जातात. तेवढ्या वेळात बिथरलेलं जनावर या बंगल्यातून त्या बंगल्यात उड्या मारतं, आणि गच्चीवरून मोबाइल धरलेली मंडळी "लागला, लागला!" म्हणून खाली उतरायला बघतात. वनरक्षकांचा निम्मा जीव त्यांना आवरण्यात जातो.

सिनेमावाले सगळ्यात जास्त फसवतात ते कानांच्या बाबतीत. पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या पुढे एकच दणकाही कानाला इजा करू शकतो. बंद खोलीत भिंती तो आवाज परत अंगावर फेकतात. आतल्या कानातल्या ज्या केशपेशी मरतात, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. तरीही नायक गोळी झाडून दुसऱ्या क्षणी मागच्या जिन्यावरचं पैंजण ऐकतो. त्याच्या कानात तेव्हा नुसती शिट्टी वाजत असायला हवी.

आणि गोळ्या संपल्यावर घामाघूम होऊन पिस्तुलाची टक-टक करत बसणं? बहुतेक आधुनिक पिस्तुलांत शेवटची गोळी सुटली की वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागेच अडकून राहते, चाप दाबून काही वाजत नाही. एवढीच हौस असेल तर दिग्दर्शकाने नायकाच्या हातात रिव्हॉल्व्हर द्यावं.