शटरची कुरकुर आणि शटरची खडखड

गाडीच्या शेडचे शटर वाजू लागले की कोकणातल्या बहुतेक घरांत एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे तेल घालणे. वाजणारे शटर मात्र दोन प्रकारे वाजते, आणि उघडझाप करताना हे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून येत असले तरी त्यांची कारणे जवळजवळ उलटी आहेत. दोन भाग नको इतके घासत असले की कुरकुर होते. दोन भागांत नको इतकी मोकळीक राहिली की खडखड होते. पहिलीला वंगण लागते, दुसरीला पाना.

फरक ओळखण्यासाठी शटर अगदी सावकाश उचलून पाहावे. कुरकुर सावकाश उचलतानाही थांबत नाही, उलट लांबत जाते, आणि बहुधा पट्ट्या जिथून सरकतात त्या बाजूच्या गाइडमधून येते. खडखड सावकाश उचलताना बरीच कमी होते आणि जोराने ओढले की धक्क्यासरशी उसळते. त्याहून सोपी परीक्षा पावसाळ्यात आपोआप होते. नैर्ऋत्येचा वारा सुटल्यावर बंद शटर रात्रभर ताशासारखे वाजत असेल, तर त्यात कितीही तेल ओतले तरी ते गप्प बसणार नाही.

किनाऱ्यावर कुरकुर लवकर का सुरू होते, याचे उत्तर स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत सापडते. श्रावणात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, कारण हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले बाष्प ओढून घेऊन विरघळू लागते. समुद्रावरून येणारे खारे कण शटरच्या पट्ट्यांवर बसले की तिथेही हेच घडते, आणि धातूवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर टिकून राहतो. जस्ताचा मुलामा आधी पांढुरका होतो, मग त्याखालचे लोखंड तांबूस गंज धरते. हा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्याने पट्ट्यांचे एकमेकांत अडकलेले दुमड आवळले जातात. म्हणून वंगणाच्या आधी धुणे महत्त्वाचे. गाइड आणि पट्ट्या गोड्या पाण्याने पुसून, गंज पॉलिश पेपरने घासून, सगळे पूर्ण कोरडे होऊ द्यावे, आणि उघड्या पडलेल्या धातूला झिंक प्रायमर लावावा.

वंगण निवडतानाही गल्लत होतेच. आमच्याकडे खोबरेल हा सर्व दुखण्यांवरचा इलाज असल्याने मीही तो शटरवर करून पाहिला. पण खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, त्यामुळे जानेवारीच्या एका पहाटे गाइडमध्ये वाळू मिसळलेले पांढरे लोणी तयार झालेले दिसले. ग्रीस थिजत नाही, तरी गाइडमध्ये तेही नकोच, कारण ते वाळू आणि धूळ धरून ठेवते आणि त्या मिश्रणाने पट्टीच्या कडा झिजतात. ग्रीसची जागा, शटर ज्याच्यावर गुंडाळले जाते त्या वरच्या पाइपाच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगमध्ये. १९५३ साली तयार झालेल्या डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘पाणी हटवणारे, चाळिसावा प्रयत्न’ असा आहे. गंजाने धरलेला सांधा सोडवायला ते उत्तम, पण त्याचा थर पातळ असल्याने पुढे कायम टिकणारे वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नये. सांधा सुटला की ते पुसून काढावे आणि गाइडला व पट्ट्यांच्या दुमडांना कोरडा राहणारा सिलिकॉन स्प्रे मारावा.

खडखडीचे मूळ कोकणात पुष्कळदा शटरमध्ये नसून भिंतीत असते. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. त्यात भोक पाडून ठोकलेला प्लग रोजच्या हादऱ्याने हळूहळू ढिला होतो आणि भोकातून तांबडी भुकटी झिरपू लागते. गाइडच्या बोल्टखाली अशी भुकटी दिसली, तर बोल्ट नुसता आवळून काही साधत नाही. तो जागच्या जागी फिरत राहतो. तिथे आरपार बोल्ट घालून भिंतीच्या पलीकडच्या बाजूला रुंद पट्टी द्यावी, किंवा होल्डफास्ट, म्हणजे गाइडला भिंतीत पक्के धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, काँक्रीटमध्ये बसवून घ्यावा. वरचा पाइप पेलणारे ब्रॅकेट असे हललेले असेल, तर ते दुरुस्त होईपर्यंत शटर चालवूच नये. भिंत पक्की असूनही पट्ट्या वाजत असतील, तर गाइडमध्ये नायलॉनची ब्रशपट्टी बसवली की मोकळीक भरून निघते, आणि बाजूला सरकलेल्या पट्ट्या ओळीत आणून त्यांची टोके पुन्हा अडकवून घेता येतात.

दोन्ही आवाज एकत्र असतील तर आधी ब्रॅकेट तपासावे, मग धुणे आणि वंगण उरकावे. त्यानंतर जे वाजत राहील ते कुठले ढिले आहे, हे कानाला नेमके कळते. पाइपावरच्या स्प्रिंगला मात्र घरच्या पान्याने हात लावू नये. शटर खाली असताना तिच्यात भरपूर ताण साठलेला असतो, आणि एक बोल्ट सुटला तरी तो सगळा ताण एका क्षणात बाहेर पडतो. ते काम शटरच्या कारागिराचे आहे.