दारू जास्त, मार लांब?

येऊरच्या पाड्यांवर ठासणीच्या बंदुकीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे (शिशाच्या बारीक गोळ्या) ठासून भरायच्या बंदुकीच्या, जुन्या गोष्टी निघाल्या की एक वाक्य हमखास येतं: "दारू दाबून भरली की छर्रा लांब मारतो." ठाण्यात मी हे लहानपणापासून ऐकतोय. खरं नाही.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक. ती वाढवली की छर्रे जोरात सुटतात, हे मान्य. पण वेग जितका जास्त, तितकी हवा अडवते. गोल, हलक्या छर्र्याचा वाढीव वेग थोड्याच अंतरात बराचसा संपतो. शिवाय वायूच्या धक्क्याने छर्रे पांगतात, मधे विरळ जागा पडते. ससा तिथून निसटतो, किंवा जखमी होऊन झुडपात मरतो. ते जास्त वाईट. खांद्याचं आणि जुन्या नळीचं काय होतं ते वेगळंच.

जिथे शिकार कायदेशीर आहे तिथले जाणकार आधी कागदावर बार काढतात. 30 इंची वर्तुळात किती छर्रे लागले ते मोजतात. दारू आणि छर्रे एकाच मापाने, आकारमानाने सारखे, ही जुनी सुरुवात. बऱ्याचदा दारू कमी केल्यावरच वर्तुळ नीट भरतं.

आपल्याकडे हा वाद गप्पांपुरताच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा मारणं गुन्हा आहे, आणि ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो.