विपश्यनेचे सहायक आचार्य आणि माइंडफुलनेसचे शिक्षक

पुण्याजवळ मरकळच्या धम्मानंद या विपश्यना ध्यानकेंद्रात चार शिबिरं केलेल्या माझ्या मैत्रिणीनं परवा विचारलं, "आता माइंडफुलनेस, म्हणजे सजगतेचं ध्यान, शिकवायचं प्रमाणपत्र मला सहज मिळेल ना गं?" पुण्यात हा प्रश्न वारंवार कानावर येतो. दोन्हींची मुळं सतिपट्ठानाच्या, म्हणजे सजग राहण्याच्या बुद्धाच्या शिकवणीत असल्यानं घोळ होतो. पण शिकवणारा माणूस घडवायची रीत दोन्हीकडे अगदी वेगळी आहे.

विपश्यनेत शिक्षक होण्यासाठी परीक्षा नसते. या परंपरेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांनी १९८२ पासून सहायक आचार्य नेमायला सुरुवात केली. वर्षानुवर्षांची साधना, शिबिरांत धम्मसेवा (विनामोबदला मदत) आणि मग नेमणूक, मानधन नाही. सूचना आणि संध्याकाळची प्रवचनं आजही गोएंकाजींच्याच आवाजात लागतात. सहायक आचार्य साधकांच्या शंका ऐकतात आणि त्यांना पुन्हा विधीकडे, म्हणजे ध्यानाच्या पद्धतीकडे वळवतात. विधीत आपल्या पदरची भर घालायची नाही, ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला; आज तो आठ आठवड्यांचा असतो. तिथून पुढे वाढलेल्या परंपरेत आवाज शिक्षकाचाच असतो. म्हणून त्याची तयारीही वेगळी. आधी स्वतः आठ आठवडे करायचे, मग सहाध्यायांना ध्यान सांगून बघायचं, मग देखरेखीखाली खरा गट घ्यायचा. बँगोर, एक्झिटर आणि ऑक्सफर्ड या विद्यापीठांतल्या मंडळींनी शिकवण्याची पारख करायला सहा निकष ठरवले आहेत. त्यातला सर्वांत अवघड, ध्यानानंतरच्या संवादाचा. कुणी म्हणतं, "आज मन लागलंच नाही." आपल्या तोंडून लगेच सल्ला निघतो: पहाटे बसा, हळूहळू लागेल. तयार शिक्षक विचारतो, "लागत नाहीये हे कधी लक्षात आलं? तेव्हा अंगात काय जाणवत होतं?" उत्तर शोधताना त्या माणसाला उमगतं की मन भरकटल्याचं कळलं, तेव्हाच तो जागा झाला होता. हे वाचून येत नाही. कुणीतरी अनुभवी माणूस शेजारी बसून आपल्या चुका दाखवतो, तेव्हा येतं.

करुणेचंही तसंच. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात मंगल मैत्री, म्हणजे सर्वांचं भलं चिंतायचं ध्यान, शेवटी, दहाव्या दिवशी येते. क्रिस्टिन नेफ आणि ख्रिस्तोफर गर्मर यांच्या सजग आत्मकरुणेच्या अभ्यासक्रमात मात्र करुणा हाच मुख्य विषय, आणि सुरुवात स्वतःपासून. मराठी गटात इथेच अडतं: स्वतःवर करुणा म्हणजे स्वतःची कीव, किंवा स्वतःचे लाड, असंच बहुतेकांना वाटतं. आजारी मैत्रिणीशी आपण ज्या सुरात बोलतो तोच सूर स्वतःसाठी वापरून बघा, असं सांगितलं की गाठ थोडी सैल होते.

मैत्रिणीला मी एक अडचणही सांगितली. विपश्यनेच्या परंपरेत दुसऱ्या पद्धतींची सरमिसळ चालत नाही. त्यामुळे पुढे दीर्घ शिबिराकडे जायचं की माइंडफुलनेसच्या शिक्षक-प्रशिक्षणाकडे, हे तिला आधी ठरवावं लागेल. सध्या ती स्वारगेटच्या विपश्यना केंद्रात सामूहिक साधनेला जाते आहे. निर्णय अजून झालेला नाही.