अतिवृष्टीचे प्रक्षेपण, गोव्यातील

तापत्या हवामानात जोराचा पाऊस किती पडेल आणि किती वेळा पडेल, याचे हवामान प्रतिमानांवरून (वातावरणाच्या संगणकी गणिती प्रतिकृतींवरून) काढलेले अनुमान. हा उद्या-परवाचा अंदाज नव्हे. हरितगृह वायूंची वाढ गृहीत धरून तीस-तीस वर्षांच्या कालखंडांची केलेली ही तुलना असते.

मूळ भौतिकी सरळ आहे. हवा १° से. तापली की तिच्यात मावणारे बाष्प सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. नैर्ऋत्य वारे ते अरबी समुद्रावरून आणून सह्याद्रीवर चढवतात. बाष्पाबाबत बहुतेक प्रतिमाने एकमताची आहेत. वाऱ्यांचा जोर आणि कमी दाबाचे पट्टे यांबाबत ती फाकतात.

खरी अडचण जाळीची, म्हणजे गणितासाठी पृथ्वी ज्या चौकोनांत विभागतात त्यांची. जागतिक प्रतिमानांतील एक चौकोन साधारण १०० किमीचा असतो. गोवा दक्षिणोत्तर सुमारे १०५ किमी आणि पूर्व-पश्चिम जेमतेम ६० किमी. म्हणजे एकाच चौकोनात समुद्र, किनारा, सत्तरीचे डोंगर आणि घाटापलीकडचा कमी पावसाचा कर्नाटकी भागही येतो. किनाऱ्याजवळची पणजी आणि सत्तरीतील वाळपई यांच्यात सरळ रेषेत ३५ किमीही अंतर नाही, पण वाळपईचा पाऊस बराच जास्त. प्रतिमानाला हा फरक दिसत नाही, कारण हजार मीटरांपुढचे डोंगरही त्यात सपाट होऊन बुटके ठरतात. चौकोनाहून लहान ढगांचे गणित ठोकळ सूत्रांनी होते. त्यामुळे रिमझिम वाजवीपेक्षा वारंवार पडते आणि मुसळधार पाऊस तोकडा पडतो. चौकोनाची सरासरी एका पर्जन्यमापकाच्या नोंदीशी थेट ताडून पाहणे ही नेहमीची चूक आहे.

‘कॉर्डेक्स’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातील, एकेका प्रदेशापुरती चालवलेली प्रादेशिक प्रतिमाने ५० ते २५ किमीपर्यंत उतरतात. सुमारे ४ किमी किंवा त्याहून बारीक जाळीत गडगडाटी ढग प्रत्यक्ष गणिताने उभे राहतात, मात्र संगणकाचा खर्च इतका की थोड्याच वर्षांचे प्रयोग परवडतात.

पद्धत अशी : प्रत्येक वर्षातील सर्वाधिक एकदिवसीय पाऊस निवडायचा, त्या मालिकेला टोकाच्या मूल्यांचे वितरण (विरळ मोठे आकडे किती वेळा येतात हे सांगणारे संख्याशास्त्रीय सूत्र) जुळवायचे, दहा किंवा शंभर वर्षांतून एकदा येणारा आकडा काढायचा आणि भविष्य व भूतकाळ यांचे गुणोत्तर स्थानिक नोंदींना लावायचे. मिलिमीटरपेक्षा हे गुणोत्तर अधिक विश्वासार्ह असते. तीस वर्षांच्या मालिकेवरून शंभर वर्षांचा आकडा ताणताना मात्र जपावे. एक-दोन विलक्षण वर्षांनी तो हलतो. एकाच प्रतिमानावर तर विसंबूच नये.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, १८५०–१९०० च्या तुलनेत जग २° से. तापल्यास दहा वर्षांतून एकदा येणारा एकदिवसीय पाऊस भूभागावर सरासरी १४ टक्क्यांनी जोरकस आणि १.७ पट वारंवार होतो. १° ला ही जोरवाढ ६.७ टक्के आहे. हे १४ टक्के आजच्या नोंदींवर चढवले, तर झालेली वाढ दोनदा मोजली जाते. १° तापमानवाढीच्या काळातील २०० मिमीचे २° ला या हिशेबाने २२८ नव्हे, सुमारे २१४ मिमी होतात. तेही जागतिक सरासरीने. गोव्याचा आकडा वेगळा निघू शकतो.

नाले आणि मोऱ्यांच्या आराखड्याला दिवसाचा आकडा पुरत नाही. २ ऑक्टोबर २००९ रोजी दक्षिण गोव्यातील काणकोणला पूर आणणारा पाऊस काही तासांतच कोसळला होता, आणि तासाभराच्या पावसाबाबतच जाड जाळीची प्रतिमाने सर्वांत कच्ची आहेत. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, भरतीच्या वेळी मानस (बांधातील पाण्याचे दार) बंद असते. तेव्हा पडलेले पाणी ओहोटीपर्यंत आतच साठते. तिथे पावसाचा आकडा भरतीच्या वेळांसह आणि वाढत्या समुद्रपातळीसह मांडावा लागतो.